निळ्यातली पिवळी रेघ

आजी आज पुन्हा आल्या. सलग चौथा मंगळवार.

रखवालदाराने त्यांना जिन्यावरच हेरलं. पांढरे केस, खांद्याला जाडजूड पिशवी. पहिल्या तीन दालनांकडे ढुंकूनही न बघता त्या थेट त्याच्या दालनात शिरल्या आणि निळ्या चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

चित्र ते काय, हातभर निळा रंग आणि त्यातून आडवी गेलेली एक पिवळी रेघ. ‘हे तर आमचं शेंडेफळही काढेल’ म्हणत लोक पुढे सरकायचे. आजी मात्र तासन्‌तास हलत नसत.

सकाळीच त्याने तिकिटं फाडणाऱ्या मुलीकडे आजींचा विषय काढला होता.

“काका, तुम्हाला सगळ्यांतच चोर दिसतात,” ती हसली होती. “एवढंच वाटतंय तर साहेबांच्या कानावर घाला.”

“साहेबांना कशाला? माझं मी बघतो.”

अकरा वर्षांत त्याच्या दालनातल्या एकाही चित्राला कुणा बघ्याचं बोट लागलं नव्हतं. तो खांबाआड उभा राहिला. आजींनी इकडेतिकडे पाहिलं. पिशवीत हात घातला.

पिशवीतून भिंग निघालं. आजी चित्रापुढच्या दोरीच्या पलीकडे वाकल्या आणि रेघेवरून इंच-इंच भिंग फिरवू लागल्या.

तो झपाझप पुढे झाला. “आजी, मागे व्हा. काय चाललंय हे?”

आजी दचकल्या. भिंग लपवायला गेल्या, मग तसंच हातात धरून राहिल्या.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “ह्यांचं चित्र आहे हे. आमच्या ह्यांचं. शेवटचं.”

त्याने भिंगाकडे पाहिलं. “मग भिंग कशाला?”

“डोळे गेले हो माझे. तुम्हाला दिसेल, बघा. इथे, रेघ संपताना. थरथरलीय ना?”

तो बघेना. “असेल.”

“आहेच. इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. महिन्याभरापूर्वी सहज आले आणि दिसलं.” आजींचा आवाज खाली आला. “आजार कळला, तेव्हाही हे शांत. एक शब्द नाही, डोळ्यांत पाणी नाही. चित्र संपवलं, आठवड्याने गेले. सतरा वर्षं मी मनातल्या मनात भांडतेय त्यांच्याशी. मला सोडून जाताना या माणसाला काहीच कसं वाटलं नाही?”

त्याने हललेली दोरी सरळ केली.

“वाटत होतं हो. हात कापत होता त्यांचा. मला कळू दिलं नाही, एवढंच.” त्यांनी डोळे पुसले. “आता घरी गेले की झोप लागते मला. मंगळवारी येऊ द्याल ना? चित्राला हात नाही लावणार.”

“या,” तो कसाबसा म्हणाला. कोपऱ्यातली स्वतःची खुर्ची उचलून त्याने चित्रासमोर ठेवली. आजी बसल्या, त्याच्या हातावर थोपटलं आणि पुन्हा रेघेकडे बघू लागल्या.

खरं चित्र गेल्या महिन्यापासून त्याच्या घरी, कपाटावर गुंडाळून ठेवलेलं होतं, आणि त्यातली रेघ शेवटपर्यंत सरळ होती.