पिवळी चौकट

दुर्बिणीची फिल्म बघून आजार ओळखणाऱ्या यंत्राने डॉक्टरांच्या वहिनींना टीबी ठरवला, तेव्हा डॉक्टर हसले. मग त्यांनी ते पुन्हा चालवायला लावलं. पुन्हा टीबीच.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” ते म्हणाले.

यंत्र बसवणारी इंजिनिअर, जिला अख्खा विभाग यंत्रबाई म्हणायचा, निकालाची नोंद करत राहिली. या कुरकुरीची तिला सवय होती.

आतड्याचा टीबी आणि क्रोन हे दोन आजार दुर्बिणीतून जुळ्या भावंडांसारखे दिसतात. उपचार मात्र उलटे. क्रोनला स्टेरॉइड द्यायचं. तेच टीबीला दिलं तर आगीत तेल ओतल्यासारखं. वहिनी दुर्बिणीची नळी घालून घ्यायला घाबरत होत्या, म्हणून डॉक्टरांनी नुसत्या स्कॅनवरून, छाती ठोकून, क्रोनच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, गोळ्या सुरू केल्या होत्या. घरचंच माणूस. “भाऊजी, गाल तेवढे फुगले, बाकी मी वाळतेच आहे,” असं त्या हसत सांगायच्या.

शेवटी गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतः दुर्बीण घातली. आतड्याचे काढलेले तुकडे तपासणाऱ्यांनी ‘दोन्ही असू शकतं’ म्हणून हात झटकले. आता गोळ्या वाढवायच्या की बंद करून टीबीचं औषध द्यायचं, ते आजच ठरवायचं होतं. दादा घरी फोनपाशी बसून होता.

टीबी निघाला तर वहिनींना या थराला आपणच आणलं, हे डॉक्टरांना कळत होतं. त्याची त्यांना भीती वाटत होती. म्हणून ते यंत्राचं पितळ उघडं पाडायला बसले.

यंत्र शिकलं होतं ते डॉक्टरांनीच दुर्बिणीतून काढलेल्या जुन्या फिल्मवर. ज्या क्षणावरून निकाल दिला, तिथे ते पडद्यावर पिवळी चौकट दाखवायचं. डॉक्टरांनी टीबीच्या जुन्या फिल्म लावल्या. वहिनींची त्यांनी बाजूलाच ठेवली. ती आपणच तर काढली, तिच्यात काय बघायचं?

चौकट जखमेवर उमटतच नव्हती.

लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे एक झडप असते. टीबीचा वास आला की डॉक्टर झडप सोडून निघालेला कॅमेरा पुन्हा तिच्याकडे वळवायचे. क्रोनमध्ये कधीच नाही. ही खोड त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हती. त्यांचा संशय पुढे तुकड्यांमधून बहुतेकदा खरा ठरलेला, त्यामुळे यंत्राने नेमकी तीच उचलली होती. दर फिल्ममध्ये चौकट लागायची ती कॅमेरा मागे वळताना.

“म्हणजे हे आतडं बघतच नाही,” यंत्रबाई हळूच म्हणाली. “तुम्हाला संशय आला की नाही, तेवढंच बघतं.”

“नकल्या आहे नुसता. गुंडाळा याला.” डॉक्टरांना किती दिवसांनी हलकं वाटलं. त्यांनी फोन लावला.

दादाने लगेच उचलला. काय ठरलं, असं त्याने विचारलं.

“यंत्र खोटं निघालं, दादा. क्रोनच आहे. आजपासून गोळ्या दुप्पट करायच्या. लिहून घे.”

दादा पेन शोधायला गेला. यंत्रबाईने तेवढ्यात राहिलेली एकच फिल्म लावली, वहिनींची. कॅमेरा झडप सोडून निघाला, घुटमळला आणि मागे वळला.