शनिवारचे प्रश्न

"पुसून टाकलंस तर तीच तुझी कबुली समजेन," सरला म्हणाली.

आग्नेलने कीबोर्डवरचा हात मागे घेतला. सामंतसाहेब खुर्ची ओढून दोघांच्या मागे बसले. सरलाची तक्रार त्यांनी वाचली होती. ती खरी ठरली तर आग्नेलची नोकरी जाणार होती.

कुडाळच्या या सहकारी संघात कॉम्प्युटर अप्पा सांभाळत. दर शनिवारी मुख्य कचेरीहून फ्लॉपी येई. तीतला सुधारित प्रोग्राम मशीनवर चढवणारी शेल स्क्रिप्ट अप्पांनीच लिहिलेली. एकदा सुरू केली की न थांबता चाले. वैशाखात अप्पा गेले. त्यांच्या जागी त्यांची मुलगी सरला लागली. गेल्या शनिवारी तिने पहिल्यांदाच स्क्रिप्ट चालवली, तर ती पायरीपायरीला थांबून विचारू लागली. फ्लॉपी घातली? जुना प्रोग्राम वेगळा ठेवला? नक्की? तिसऱ्या प्रश्नाला सरलाने मशीन बंद केलं आणि, अप्पांखेरीज मशीनला हात लावणारा आग्नेलच, म्हणून त्याच्याविरुद्ध तक्रार दिली.

"ज्यांच्या हाताखाली शिकलास, त्यांचीच परीक्षा घेत होतास?" सरला म्हणाली.

"प्रश्न मीच घातले," आग्नेल म्हणाला.

"कशाला?" साहेबांनी विचारलं.

"सांगण्यासारखं नाही, साहेब."

शेवटच्या वर्षात अप्पा अबोल झाले होते. काही विचारलं तर नुसते हसायचे. आग्नेल त्यांच्याबरोबर रोज घरापर्यंत यायचा, दार उघडेपर्यंत वळणावर उभा राहायचा. फक्त शनिवारी नाही, त्या दिवशी तो गावी जायला लवकर बांद्याची बस पकडायचा. ती सोबत नव्हती, पहारा होता, हे सरलाला आता कळत होतं.

"सरला, ऐक गो," तो हळूच म्हणाला. "माका कामावरसून काढूंदेत. पण तू ही चालवू नुको."

"घाबरलास?"

"होय."

तिने स्क्रिप्ट सुरू केली. प्रश्न आला, तिने 'हो' दिलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा 'हो'.

"एसटीचा कंडक्टर बरा, एकदाच विचारतो," साहेब म्हणाले.

सरला हसली नाही. प्रत्येक 'हो'बरोबर तिची बोटं जास्त जोरात पडत होती.

नवा प्रोग्राम चढला, असं पडद्यावर आलं. आग्नेल उठून खिडकीकडे गेला. सरला साहेबांकडे वळणार, तोच रोमन अक्षरांत आणखी एक प्रश्न उमटला.

'अप्पा, काम झाला. आता घराक चला. पोस्टाच्या मागे, निळो दरवाजो. दार उघडतला ता सरला, तुमचा चेडू. ध्यानात आसा? हो / नाय'