देवा, सांभाळ रे त्याला

पहिलं कडवं संपलं आणि पुढच्या बाकावरून मॉझेल मावशी म्हणाली, “देवा, सांभाळ रे त्याला.”

मंचावर गाणाऱ्या क्लिओटिसला त्याचा अर्थ ठाऊक होता. मेम्फिसच्या याच चर्चमध्ये तो गायला शिकला होता. इथे गाणाऱ्याची किंवा पाद्रीबुवांची गाडी घसरली की कुणी हुर्यो करत नाही. देवाला साकडं घालतात. गाणं भिडलं, तर मात्र ‘सांग, पोरा, सांग!’ म्हणत छप्पर डोक्यावर घेतात.

मॅग्नोलिया लॉन्ड्रीतल्या बायका पगारवाढीसाठी संपावर होत्या. चुली थंड पडत चालल्या होत्या. संप चालू ठेवायचा की सोमवारी मुकाट कामावर जायचं, हे गाण्यानंतर हात वर करून ठरणार होतं. त्यांना धीर द्यायला क्लिओटिस डेट्रॉइटहून आला होता. निदान त्याची तशी समजूत होती. गाण्यांच्या दोन तबकड्या काय खपल्या, स्वारी स्वतःला अख्ख्या समाजाचा आवाज समजू लागली होती. आज तर मोतिया सूट घालून, मुद्दाम मागच्या दाराने शिरून, बाकांमधून हात हलवत तो मंचावर चढला होता.

त्याने आवाज चढवला. अन्याय, साखळ्या, पहाट, सगळं घातलं. गुडघ्यांवरही बसला. एरवी एवढ्यावर बायका किंचाळायच्या.

“देवा, सांभाळ,” आता चार बाकांवरून आलं. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. गाणं अडलं.

संपकरी बायकांची पुढारी मॉझेल मावशी उठून मंचावर आली. क्लिओटिसने मिठीसाठी हात पसरले. तिने त्याच्या कोटाच्या कॉलरमागून एक गुलाबी कागद उपटला आणि त्याच्या नाकासमोर धरला. मॅग्नोलिया लॉन्ड्रीची चिठ्ठी, कालच्या तारखेची. हॉटेलवाल्याने सूट परस्पर तिथे, संपात आणलेल्या बदली माणसांकडे, धुवायला टाकला होता आणि आपल्या गायकसाहेबांनी कुठे धुतला हे विचारायची तसदी घेतली नव्हती.

“गाणं बरं होतं रे,” मावशी म्हणाली. “पण आत आलास तेव्हाच तुझी पाठ दिसली ना सगळ्यांना.”

क्लिओटिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने कोट काढून खाली टाकला. विजारही त्याच पापातली होती, पण ते चर्च होतं. त्याने पियानोवाल्याला थांबवलं आणि नुसत्या गळ्याने, जमेल तसं म्हटलं, “तुम्ही उन्हात लॉन्ड्रीच्या दाराशी उभ्या, माझ्या पाठीवर कडक इस्त्री. संप कुणी फोडला विचारता? मावशी, हा काय समोर उभा.”

मग मावशीच हळूच म्हणाली, “सांग, पोरा.”

“सांग!” मागचे बाक उठले. छप्पर हललं. शेवटी मावशीने ‘संप चालू ठेवायचा?’ म्हणून मत विचारलं, तेव्हा एकही हात खाली नव्हता.

सोमवारी लॉन्ड्रीच्या दारात सगळ्यांच्या पुढे, काठीवर चढवलेला मोतिया सूट होता. आणि समाजाचा आवाज शेवटच्या रांगेत, पाद्रीबुवांच्या आखूड विजारीत, मॉझेल मावशीच्या मागे धृपद धरत होता.