खेमसिंगचं दुसरं पान

यादीतल्या एकशे बाराव्या ओळीवर निकिता थांबली. मजकूर तोच, फोटो तोच, वेबसाइटवरचे पत्ते मात्र दोन. यवतमाळच्या त्या साप्ताहिकाच्या साइटवर अशी शेकडो पानं दुहेरी झाली होती. कोणी बातमी शोधली की कधी एक पान समोर यायचं, कधी दुसरं. संपादक सदाशिवरावांनी सांगितलं होतं, "एक ठेव, दुसरं काढून टाक." सकाळपासून ती तेच करत होती.

हे पान हरवलेल्या माणसाचं होतं. खेमसिंग, वय बहात्तर, फुलसावंगीजवळच्या तांड्यावरून निघून गेलेले. विसरण्याचा आजार. निकितानं दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडली. फरक एकच होता. जुन्या पानावर फोन नंबरचा शेवटचा आकडा चुकला होता.

मग तिला आठवलं. तिच्या नोकरीचा तिसरा दिवस. खेमसिंगचा मुलगा रामसिंग फोनवर म्हणाला होता, "म्याडम, नंबर चुकला." तिनं घाईघाईत नवं पान बनवलं. जुनं काढायचं राहून गेलं.

जुन्या पानाखाली एक प्रतिक्रिया मंजुरीविना पडून होती. सव्वा वर्षापूर्वीची.

"मुकुटबनला आमच्या घरी असेच एक आजोबा आहेत. नाव सांगता येत नाही. दिलेला नंबर लागत नाही. लवकर या."

खाली मोबाइल नंबर होता. निकितानं तो लावला. इंदूबाई नावाच्या बाईनं उचलला. निकितानं साप्ताहिकाचं नाव सांगून त्या आजोबांची चौकशी केली.

"आता कायले फोन केला, बाई?" ती म्हणाली. "सुनेनं लिहिलं होतं तुमच्या पानावर. कोणीच आलं नाही, मंग वाटलं, फोटोतले हे नसतील. वीस दिवस होते आमच्याकडे. तापानं गेले. पोलीस पाटलाले सांगून आमच्या मालकानंच अग्नी देला."

"काही बोलायचे का हो ते?"

"एकच. रामी, रामी. आम्हाले वाटलं, देवाचं नाव घेऊन राह्यले."

पानावर खेमसिंगच्या बायकोचं नाव होतं, रामीबाई.

हे फोनवर सांगणं निकिताला जमेना. दुसऱ्या दिवशी ती एसटीनं फुलसावंगीला गेली, तिथून चालत तांड्यावर. रामीबाई अंगणात तूर पाखडत होत्या. निकितानं सगळं सांगितलं. मुकुटबन सांगितलं, वीस दिवस सांगितले. चूक आपल्याच हातून झाली, हेही सांगितलं.

रामसिंग ताडकन उठला. "एक पान काढता नाही आलं तुमच्यानं? आम्ही आदिलाबादपर्यंत शोधत गेलतो!"

रामीबाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. सूप बाजूला ठेवलं.

"उपाशी तं नव्हते ना?"

"नाही. त्या बाई दोन वेळा जेवायला घालत होत्या."

"शेवटी काही बोलले?"

"तुमचं नाव घेत होते," निकिता म्हणाली. "फक्त तुमचं नाव."

रामीबाई पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या,

"पन्नास वर्सांत एकदाही मले नावानं हाक नाही मारली त्याईनं. मले वाटे, त्याईले माझं नाव ठाऊकच नसन."