डालड्याच्या डब्यातली वांगी

वांग्यांचे चारही डबे गेले होते. भिंतीशी मातीवर नुसत्या गोल खुणा उरल्या होत्या.

जमना पहाटेच समुद्रकाठच्या मुरब्याला जाऊन विकायची मासळी घेऊन आली होती. डोक्यावरची टोपली तिने धाडकन खाली ठेवली आणि अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा आवाज लावला. शेजारच्या नवसीच्या दारात बकरी बांधलेली होती. संशय घ्यायला तेवढं पुरे होतं.

"माझी बकरी पानं खाईल गं," नवसी म्हणाली. "डबं कशाला नेईल?"

ते खरं होतं, म्हणून जमनाचा पारा आणखीच चढला. का नाही चढणार? जन्म मुरब्याच्या वाळूत गेलेला. तिथे अंगणात बोंबील वाळत घालतात, भाजी कोण लावतो? बोईसरला भाड्याच्या खोलीत आल्यावर तिने पहिल्यांदा डालड्याच्या रिकाम्या डब्यांत माती भरली. पहिल्या खेपेला खारवलेल्या मासळीचं पाणी फुकट कशाला घालवा, म्हणून रोपांना घातलं. रोपं मिठाने जळून गेली. नवरा पोट धरून हसला होता. "जाळी शिवणारे हात तुजे, वांगी काय लावते?" आणि हा हसणारा वामन कोण, तर कारखान्याच्या कॉलनीतला माळी! होडी विकल्यावर कुणाच्या तरी वशिल्याने चिकटलेला. त्याला तरी झाडांतलं काय कळत होतं?

पण जमना हट्टाला पेटली. गिऱ्हाइकांना बोंबील साफ करून देताना उरलेली डोकी ती मातीत खोल पुरू लागली. रोपं वाकली तेव्हा जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने, जाळ्याचीच गाठ मारून, काठीला बांधली. आता जांभळी, तुकतुकीत वांगी लगडली होती. शहाऐंशीच्या प्रजासत्ताक दिनाला कॉलनीत बागेची स्पर्धा होती. यंदा चाळीतल्यांनाही भाग घेता येणार होता. जमनाने नाव दिलं होतं. आणि नेमक्या त्याच सकाळी चोराने हात मारला!

वामन कामावर गेला होता. निदान त्याच्या कानावर घालावं म्हणून ती टोपली पुन्हा डोक्यावर घेऊन कॉलनीत शिरली. एरवी वॉचमनने फाटकातच अडवलं असतं. आज झेंडावंदनाची गर्दी होती.

मॅनेजरच्या बंगल्यासमोर माणसं जमली होती. मॅनेजरीणबाई मुंबईहून आलेल्या परीक्षकांना आपली वांगी दाखवत होत्या. गेरूने रंगवलेल्या चार मोठ्या कुंड्या. जमनाने पाहिलं आणि ती जागीच थबकली. काठीला निळा दोरा होता. जाळ्याची गाठ होती. एका कुंडीत मातीच्या वर पत्र्याची कड डोकावत होती. डबेच्या डबे कुंड्यांत बसवून वर माती पसरली होती.

कुंड्यांमागे हातात झारी घेऊन, मान खाली घालून वामन उभा होता.

चोर घरातलाच! मासळीची टोपली त्याच्या डोक्यात घालावी, असं तिला वाटलं. तेवढ्यात वामनने वर पाहिलं. त्याचा चेहरा पाहून तिला चार दिवसांपूर्वीचं आठवलं. त्या दिवशी तो जेवलाच नव्हता. बाईंची रोपं त्याच्या हातून मेली होती आणि बाईंनी बजावलं होतं, बक्षीस गेलं तर तूही जाशील. मार्चमध्ये वामन कायम व्हायचा होता. कायम झाला की कंपनीची खोली मिळायची आणि खोलीमागे हक्काचं परसदार. त्या परसदारी जमनाने मनातल्या मनात कितीदा तरी मिरच्या लावल्या होत्या, कोथिंबीर खुडली होती.

म्हणून ती गप्प बसली. मिरची चावल्यासारखं ते गप्प बसणं तिला झोंबलं.

"सगळं माझ्या हातचं बरं का," मॅनेजरीणबाई सांगत होत्या. "नुसतं शेणखत." कालपर्यंत सुकलेल्या कुंड्यांत आज वांगी कुठून आली, हे त्यांनी माळ्याला विचारलंसुद्धा नव्हतं. परीक्षकांनी एक वांगं हातात धरून पाहिलं आणि खूश होऊन मान डोलावली. पहिला नंबर तिथेच ठरला.

मग बाईंनी नाकाला पदर लावला.

"ही मासळीवाली आत कुणी सोडली? वामन, हिला आधी बाहेर काढ! सगळ्या बागेला वास लागेल."

वामन हलला नाही. सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. नवऱ्याच्या हातून बाहेर निघायची पाळी नको, म्हणून जमनाने स्वतःच टोपली सावरली आणि पाठ फिरवली. तिचे डोळे रागाने भरून आले होते. झाडं माझी, आणि वासही माझाच?

मागे झारी ठेवल्याचा आवाज झाला. मग माती सांडल्याचा. ती वळली. वामनने पहिल्या कुंडीतून डबा वर उपसला होता. पत्र्यावरचं डालड्याचं ताडाचं झाड सगळ्यांना दिसत होतं. डबा छातीशी धरून तो फाटकाकडे निघाला आणि बाईंच्या समोर थांबला.

"बाईसायेब, मंग ही झाडंबी भायेर काढाया लागतील," तो म्हणाला. "ह्यांच्या मुळाशी बोंबलाची डोकी हायत. माज्या बायकोनं पुरलेली."