फाटकापर्यंतचं अंतर

"सुगंधा, छातीत कळ येतेय गं! ॲम्ब्युलन्स फाटकाशी उभी आहे, माणसं स्ट्रेचर घेऊन अंगणात केव्हाची धावतायत, पण दारापर्यंत पोचतच नाहीत!" निवृत्त दळवीसाहेब फोनवर धापा टाकत होते. "माझी मुलगी मृण्मयी टोरांटोहून वीस मिनिटांत मुंबईला आली, तीही फाटकातच अडकलीय!"

सुगंधा पाडवीने शांतपणे फोन दुसऱ्या कानाला लावला. विमान झटकन पोचावं म्हणून वाटेतून काढलेले हजारो किलोमीटर हवेत विरत नाहीत, ते कुठेतरी ओतावेच लागतात. कुठे ओतायचे हे अंतर खातं ठरवतं, आणि त्या खात्यात दळवींची खुर्ची आता तिच्याकडे होती.

असं पहिलं विमान सुटलं तेव्हा दळवींनी ते अंतर तिचा पाडा आणि दवाखाना यांच्या मधे ओतलं होतं. "तिथून कोण येतंय तक्रार करायला?" असं म्हणून हसलेही होते. त्याच आठवड्यात तिच्या आईला साप चावला. बांबूच्या झोळीतून तिला नेणाऱ्यांना दवाखाना समोरच्या टेकडीवर दिसत होता. ते दिवसभर चालले, तरी तो तेवढाच लांब राहिला. आईने झोळीतच प्राण सोडला.

मृण्मयीच्या विमानाचं अंतर आज सुगंधाने स्वतःच्या हाताने दळवींच्या अंगणात ओतलं होतं.

"हे तू केलंस?" दळवी कण्हले. "मी तक्रार करीन!"

"करा ना, साहेब," सुगंधा म्हणाली. "ऑफिसात या. फाटकाबाहेर पडलात की लगेच रिक्षा मिळेल."