नुकसान निरंक

"निरंक लिहा," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि तलाठी मॅडमचं पेन पंचनाम्याच्या कागदावर थबकलं.

पुराने नदीकाठचं सगळं सोयाबीन झोपवलं होतं. द्वारकाबाईंच्या दोन एकरांतलं हत्तीगवत मात्र तीन दिवस पाण्यात राहूनही ताठ उभं होतं. जळणाच्या विटा बनवणारा कारखाना ते घ्यायला तयार होता आणि लागवडीला सरकारी मदतही मिळत होती. पण सातबाऱ्यावर जमीन पडीक दिसायची, म्हणून त्यांचा अर्ज दोनदा परत आला होता.

"मावशी, थोडं तरी नुकसान लिहू द्या. सगळ्या गावाला भरपाई मिळेल आणि तुम्ही तेवढ्या राहाल."

"झालंच नाही ते कसं लिहायचं? पण पीक कोणतं उभं आहे, ते नीट लिहा बाई."

मॅडमनी लिहिलं: पीक हत्तीगवत, क्षेत्र दोन एकर, नुकसान निरंक. लिहितालिहिताच त्यांना हसू फुटलं. "अहो, मग ही जमीन पडीक कशी? थांबा, फोटो काढते. सातबाऱ्यावरची नोंदच बदलून घेऊ."

द्वारकाबाईंनी मॅडमना बळेबळेच चहाला घरी नेलं.

महिन्याभरात तिसरा अर्ज मंजूर झाला. मंजुरीचं पत्र त्यांनी ग्रामपंचायतीसमोर मोठ्याने वाचून दाखवलं, तशा शेजारणी लागवडीसाठी गवताची कांडं मागायला लागल्या.

"कांडं हवी तेवढी न्या," त्या म्हणाल्या. "अर्ज मात्र जिचा तिने भरायचा!"